पडायची तालीम

सुलभाताई मान्यांच्या मुलाला त्यांच्यासमोर कुणी ‘बिचारा’ म्हटलं, की त्या जागच्या जागी समाचार घ्यायच्या. आमच्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंना हा अनुभव पहिल्याच आठवड्यात आला. दोघी भाजीच्या हातगाडीपाशी उभ्या होत्या. शेजारी विनू एकेक वांगं उचलून कानाला लावून बघत होता. बाई हळहळल्या, “बिचारा! केवढा मोठा झालाय, आणि...”

“बिचारा कशाला?” सुलभाताई म्हणाल्या. “दोन वेळा पोटभर जेवतो, दुपारी झोपतो, खदखदून हसतो. तुमच्या घरात एवढं हसतं का कुणी?”

आणि लगेच भाजीवाल्याकडे वळून, मधे काही झालंच नाही अशा थाटात, “हां भाई, रिंगणां ताजां छे ने?”

गुजरातेत, गोत्री भागातल्या आमच्या इमारतीत त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर होतं, तळमजल्यावर. तळमजला त्यांनी मुद्दाम निवडला होता, कारण विनूला लिफ्टची भीती वाटायची. त्याआधी त्यांचं सगळं आयुष्य प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. माने तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते अकाली गेले आणि त्यांच्या जागी सुलभाताईंना रेल्वेच्या ऑफिसात नोकरी मिळाली. ती त्यांनी निवृत्त होईपर्यंत केली, विनूला दिवसभर शेजाऱ्यांकडे आणि खास मुलांच्या शाळेत ठेवून, दुपारच्या सुट्टीत स्वतः येऊन त्याला भरवून. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या आणि विनू चाळिशीला.

बाई उंचीला लहान, पण चाल अशी झपझप, की बरोबर चालताना मला धाप लागायची. मनगटावरचं घड्याळ नेहमी आतल्या बाजूला वळवलेलं. बोलणं स्वच्छ मराठी, मधेमधे ‘हा ने?’ आणि ‘चालशे’ पेरलेलं. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, “पुढं काय?” मी शिकवते त्या शाळेतली एखादी गंमत सांगितली, की ऐकून झाल्यावर, “बरं, पुढं काय?” टीव्हीवरची मालिका संपली, की पडद्याला, “आणि पुढं काय?” मला सुरुवातीला हे लकबीसारखं वाटायचं. त्या प्रश्नाखाली काय दडलंय ते हळूहळू कळत गेलं.

विनू, म्हणजे विनायक, अंगानं थोराड होता. सुलभाताई जेमतेम त्याच्या खांद्याला लागायच्या. मन मात्र तीन-चार वर्षांच्या पोराचं. शब्द थोडेच, आणि शाळा गुजराती असल्यामुळे बरेचसे गुजराती. आंघोळ आईनंच घालायची, भात आईनंच कालवायचा, बुटांचे बंद आईनंच बांधायचे. दुसऱ्या कुणी हात लावला, की तो अंग ताठ करून भिंतीला चिकटायचा. शनिवारी संध्याकाळी दोघं हात धरून सेव-उसळ खायला जायची. तिखटानं त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि तरी तो “हजी, हजी” करत अजून मागायचा. त्या पदरानं त्याचं तोंड पुसायच्या आणि आजूबाजूला बघायच्या, बघा काय बघायचं ते, अशा नजरेनं.

त्यांच्या हृदयाचं पहिल्यांदा कळलं ते उत्तरायणाच्या दिवशी. संक्रांतीचा पतंगांचा दिवस, सोसायटी सगळी गच्चीवर होती. लिफ्ट नको म्हणून विनूचा हात धरून त्या चार मजले जिना चढून आल्या आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी पाणी घेऊन गेले.

“ज्योती, सुपात धान्य पाखडतात ना, तसं छातीत कुणीतरी पाखडतंय गं. ताल नाही, काही नाही.”

मी त्यांचा हात हातात घेतला. नाडी दोनदा घाईनं उडाली, मग गप्प झाली, मग एकदम चार-पाच ठोके एकमेकांना ढकलत आले. मला वैद्यकातलं काही कळत नाही. पण हे ठीक नाही एवढं बोटांना कळलं. पतंग कटला की गच्च्यांवर “काप्यो छे!”चा गलका होत होता आणि विनू टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. विनूला माझ्या नवऱ्यानं, सतीशनं, बाहेर गाडीत बसवून ठेवलं. गाडीत बसायला त्याला भारी आवडायचं. डॉक्टर तरुण होती, गुजराती, हसतमुख. कार्डिओग्राम बघून तिनं कागदावर हृदय काढलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे रक्त तिथं रेंगाळतं, गुठळी होऊ शकते, आणि ती गुठळी वाहत वर मेंदूत जाऊ शकते. वय आहे, ब्लडप्रेशर आहे, साखर आहे, त्यामुळे धोका जास्त. हा धोका आज-उद्याचा नाही, पुढच्या सगळ्या वर्षांचा आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी आता कायमची.

सुलभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पुढं वाकून म्हणाल्या, “बेन, मरणाचं मला सांगू नका. मरण सोपं आहे. मला लकवा होईल का, तेवढं सांगा.”

डॉक्टरीणबाईंना मराठी कळत होतं. “दवा नियमित लेशो तो जोखम घणुं ओछुं थई जशे, माजी. पण बिलकुल नहीं थाय, एवुं हुं न कही शकुं.”

“म्हणजे होऊ शकतो.”

“ओछुं थशे.” कमी होईल, एवढंच त्या सांगत होत्या.

“पण होऊ शकतो.” सुलभाताईंनी पदर सावरला. “बाहेर गाडीत माझा मुलगा बसलाय. तो माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी पीत नाही. मी आडवी पडले तर पुढं काय?”

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला. गोळी लिहून दिली.

काही दिवसांत दुसऱ्या एका औषधानं छातीतलं पाखडणं कमी झालं. “थांबलं वाटतं,” असं मी एकदा बोलून गेले. “थांबलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला कळायचं थांबलंय. आत चालूच आहे. विचारून आलेय मी.” रोज सकाळी त्या गोळी घ्यायच्या तेव्हा विनूला एक लिमलेटची गोळी मिळायची. दोघं एकदमच तोंड उघडायची. तो नियम त्यांनी एक दिवसही मोडला नाही. हे मी ठासून सांगते, कारण पुढं लोक म्हणाले, औषधं वेळेवर घेतली नसतील.

गोळीनं एक वेगळंच संकट आणलं. रक्त पातळ झालं आणि अंगावर जरा कुठं दाब पडला, की काळानिळा डाग उमटायला लागला. विनूला तर काही धरायचं झालं की घट्टच धरायची सवय. रस्ता ओलांडताना, कुत्रं भुंकल्यावर, हौसेनं, रागानं, तो आईचा दंड पकडायचा. महिन्याभरात त्यांचे दोन्ही हात डागांनी भरले. भर उन्हाळ्यात त्या लांब बाह्यांचे ब्लाउज घालू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “लोकांना वाटेल तो मला मारतो.”

एकदा त्यानं हट्टात स्टीलचा पेला भिरकावला. तो त्यांच्या भुवईवर बसला. तेवढीशी जखम, पण रक्त थांबेना. टॉवेल भिजला, दुसरा भिजला. मी आणि सतीश त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. विनू पाठीमागच्या सीटवर स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. टाके पडल्यावर त्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, “गोळी बंद करू का?” ते म्हणाले, बंद केलीत तर गुठळीचा धोका, चालू ठेवा, फक्त मार लागू देऊ नका.

घरी येताना त्या हसल्या. त्यांचं तसलं हसणं मी पहिल्यांदा बघितलं. “मार लागू देऊ नका म्हणे. चालशे. आता कापसात गुंडाळून घेते स्वतःला. रक्त साकळलं तरी मी गेले, वाहिलं तरी मी गेले.”

त्यानंतर त्यांनी विनूसाठी जागा शोधायला सुरुवात केली. अशी माणसं कायमची ठेवून घेणाऱ्या एक-दोन संस्था शहराबाहेर आहेत असं कळलं. एकीत मी त्यांच्याबरोबर गेले होते. जागा स्वच्छ होती, माणसंही चांगली वाटली. एका मोठ्या खोलीत ओळीनं खाटा, भिंतीवर टीव्ही चालू. त्यांनी सगळं फिरून बघितलं, स्वयंपाकघरात जाऊन डाळीची चवसुद्धा घेतली. घराच्या दाराशी किल्ली लावता लावता म्हणाल्या, “एवढी माणसं होती ज्योती, आणि एकही हसत नव्हतं.”

तो विषय त्यांनी तिथंच संपवला. आणि पुढच्या आठवड्यात पडायची तालीम सुरू झाली.

पहिल्यांदा मला काही कल्पनाच नव्हती. मी सहज दार लोटून आत गेले, तर सुलभाताई स्वयंपाकघरात फरशीवर आडव्या, डोळे मिटलेले. मी किंचाळलेच. त्यांनी एक डोळा उघडला. “अगं, ओरडू नकोस. त्याला शिकवतेय.”

विनू त्यांच्या शेजारीच आडवा झाला होता आणि खुदुखुदु हसत होता.

शिकवायचं होतं ते एवढंच. आई पडली, उठत नाही, की दार उघडायचं, समोरची बेल दाबायची आणि म्हणायचं, ‘आई पडी गई.’ कुणालाही सोपं वाटेल. विनूसाठी तो डोंगर होता. आधी तो नुसता हसायचा. मग आईच्या अंगावर पांघरूण आणून घालायला लागला. मग दार उघडायचा, पण बाहेर आल्यावर कशाला आलो ते विसरून पायरीवर बसायचा. एकदा पांघरूण घालून झाल्यावर तो आईच्या डोक्यावरून हात फिरवत “ऊठ ने, ऊठ ने” म्हणत राहिला. त्या दिवशी सुलभाताईंना पडून राहवलं नाही. त्या उठल्या, त्याला पोटाशी धरलं, आणि पुन्हा खाली पडल्या. “चल, पहिल्यापासून.”

गुडघे दुखायचे त्यांचे. फरशीवरून उठताना ओट्याला धरून उठायच्या. तरी रोज. कधी स्वयंपाकघरात, कधी पलंगाशेजारी, कधी बाथरूमच्या दारात, कारण पडायची जागा काही आपण ठरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग एका दुपारी आमची बेल वाजली. दारात विनू, घामानं डबडबलेला. “आई पडी गई!” मी धावत गेले. सुलभाताई पलंगाजवळ डोळे मिटून पडल्या होत्या. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, “बोलला?” मी म्हटलं, “स्पष्ट बोलला.” त्यांनी पडल्या पडल्याच लिमलेटची गोळी पुढं केली. विनूनं ती तोंडात टाकली आणि टाळ्या पिटल्या. त्या मात्र बराच वेळ उठल्या नाहीत, छताकडे बघत राहिल्या.

त्याच दिवशी चहा पिताना त्यांनी मला ते सांगितलं. विनू बाहेर पायरीवर बसून स्कूटर मोजल्यासारखं बोटं हलवत होता. “देवापुढं रोज हात जोडते ना मी, काय मागते माहितेय? याला माझ्याआधी ने म्हणते. एक दिवस आधी ने. दुसऱ्या दिवशी मी आपली आपण येते.” त्यांनी कप बशीत ठेवला. “जन्म दिलेल्या पोराचं मरण मागते मी, ज्योती. आई म्हणवून घेते.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

ते घडलं एका साध्या सकाळी. मी शाळेत निघायच्या तयारीत होते. बेल वाजली, वाजतच राहिली. “आई पडी गई.” सतीश आणि मी दोघंही धावलो. तालीम असो नसो, धावायचं, असं आमचं ठरलेलंच होतं. गॅसवर दूध उतू जात होतं. सुलभाताई ओट्याखाली एका कुशीवर पडल्या होत्या. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती, डोळे मात्र उघडे आणि पूर्ण जागे होते. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मग विनूकडे. विनू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, आईकडे बघून हसला आणि गोळीसाठी तळहात पुढं केला.

त्या तळहाताकडे बघून सुलभाताईंच्या घशातून जो आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो.

सुलभाताई हॉस्पिटलात वेळेत पोचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या. जीव वाचला, वाचाही बरीचशी वाचली. डावा हात आणि डावा पाय गेला. गोळी चालू असताना असं कसं झालं, हे मी विचारलंच. उत्तर तेच मिळालं, धोका कमी होतो, संपत नाही. विनूनं त्याचं काम चोख केलं होतं. त्याच्यामुळे त्याची आई जगली. आणि जगलेल्या त्या आईला आता त्याला आंघोळ घालता येणार नव्हती, भात कालवता येणार नव्हता, की बुटांचे बंद बांधता येणार नव्हते.

विनू आमच्याकडे राहिला. राहिला म्हणजे दाराशी बसून राहिला. पहिले दोन दिवस तो काही खाईना. मग सतीशच्या हातून थोडा दहीभात खाल्ला. आंघोळीला हात लावू देईना. दिवसातून कितीतरी वेळा उठून तो आमचीच बेल दाबायचा, “आई पडी गई” म्हणायचा आणि वाट बघायचा. एवढं केल्यावर आई नेहमी उठते, हे त्याला माहीत होतं. हॉस्पिटलात त्याला एकदा घेऊन गेलो, तर खालच्या लिफ्टसमोरच त्यानं असा आकांत मांडला, की परत आणावं लागलं.

नाशिकहून सुलभाताईंचा धाकटा भाऊ आला, श्रीकांत. भला माणूस. त्याची बायको स्वतः डायलिसिसवर होती. तो चार दिवस विनूपाशी बसला, त्याला जवळ घ्यायचा प्रयत्न करून थकला आणि शेवटी हॉस्पिटलात बहिणीच्या उशाशी गेला. मी तिथंच होते.

“ताई, ते शहराबाहेरचं... त्यांच्याकडे जागा आहे. मी बोलून आलोय.”

सुलभाताईंनी डोळे मिटून घेतले. शब्द जरा जड यायचे आता, पण कळायचे. “तिथं... कुणी हसत नाही, श्रीकांत.”

“ताई, मी काय करू? तू सांग, तसं करतो.”

बाहेर औषधांची ट्रॉली खडखडत निघून गेली. “त्याला गाडीतून ने,” त्या म्हणाल्या. “खिडकीशी बसव.”

विनू गेला त्या दिवशी खुशीत होता. कितीतरी दिवसांनी मोटारीत बसायला मिळालं होतं. खिडकीतून हात बाहेर काढून तो सोसायटीला टाटा करत होता. गाडी फाटकातून वळली तेव्हा सतीश घरात निघून गेला आणि नळ सोडून तोंड धूत राहिला.

पुढं सुलभाताई घरी आल्या. दिवसभराची बाई ठेवली होती. त्या खुर्चीत बसून असायच्या आणि दिवसातून एकदा विचारायच्या, “कधी नेशील?” डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, त्या रविवारी आम्ही त्यांना घेऊन निघालो. सकाळपासून त्यांनी बाईकडून वेणी नीट घालून घेतली, विनूच्या आवडीची पिवळी साडी नेसल्या.

संस्थेतल्या लोकांनी आम्हाला एका खोलीत बसवलं. थोड्या वेळानं एका कार्यकर्त्याचा हात धरून विनू आला. केस बारीक कापलेले, अंगावर दुसऱ्याचा शर्ट, अंगानं बराच वाळलेला. त्यानं मला ओळखलं, सतीशला ओळखलं. मग चाकाच्या खुर्चीकडे बघितलं. तो वाकडा ओठ, एक डोळा अर्धा मिटलेला, ओघळलेला गाल. तो घाबरून कार्यकर्त्याच्या मागे लपला.

“विनू,” सुलभाताई म्हणाल्या.

आवाज त्यानं ओळखला. चेहरा एकदम उजळला. “आई!” तो ओरडला आणि आईला शोधायला लागला. दाराच्या मागे बघितलं. टेबलाखाली वाकून बघितलं. खिडकीपाशी जाऊन बाहेर बघितलं.

“विनू, अरे, मी इकडे आहे.”

तो पुन्हा वळला, पुन्हा खुर्चीकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. कार्यकर्ता त्याची समजूत घालायला लागला. सुलभाताईंनी उजव्या हातानं त्याला थांबवलं. मला म्हणाल्या, “माझी खुर्ची फिरव. भिंतीकडे.”

मी खुर्ची फिरवली. आता त्यांची धड बाजू, उजवी, विनूकडे होती. त्यांनी मान होती त्याहून थोडी आणखी वळवली, डावा गाल खांद्यात दडवला. “बघ आता,” त्या म्हणाल्या.

विनूनं बोटांच्या फटीतून बघितलं. मग एक हात खाली घेतला. मग दुसरा. हळूहळू, भिंतीला धरून धरून तो आला आणि खुर्चीच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसला. त्यांनी हात खाली सोडला. त्यानं तो पकडला, नेहमीसारखा, घट्ट. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

आम्ही निघेपर्यंत त्या तशाच बसून होत्या, मान आखडलेली, समोरच्या रिकाम्या भिंतीशी त्याला ऐकू जाईल असं बोलत. काय जेवलास, कुठं झोपतोस, थंडी वाजते का. मुलगा हाताशी होता आणि त्या त्याच्याकडे बघू शकत नव्हत्या. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.